दणकट गाडीला कारखान्यातून काय मिळावं?



खडतर वाटेवर चालणाऱ्या गाडीबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक तिच्या रूपाबद्दल. रुंद टायर, उंच बॉनेट, मागे लटकलेली स्टेपनी, छतावरचे दिवे. आज मला बोलायचं आहे ते तिच्या पोटाखालच्या गोष्टींबद्दल. अशी गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाच तिच्या अंगावर काय काय असावं, याची एक यादी माझ्या मनात आहे. ती आज कुठल्याही एका गाडीत पुरी झालेली दिसत नाही, म्हणून तिला स्वप्न म्हणू या. पण यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट जगात कुठे ना कुठे बनलेली आहे, वापरात आलेली आहे.

कारखान्यातूनच हवं, याला कारण आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 सांगतं, की कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याआधी डिसेंबर 2017मध्ये केंद्र सरकारनं गाडीच्या तोंडाशी बसवल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. हे नियम मला मनापासून पटतात. असा गार्ड पायी चालणाऱ्याला लागला तर इजा जास्त होते, आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यातही त्याचा अडथळा येऊ शकतो. पण कायदा मालकाचे हात बांधतो, तेव्हा जबाबदारी आपोआप कंपनीकडे जाते. जे लागणारच आहे, ते कंपनीनं नीट आखून, चासीच्या ताकदीचा हिशेब करून, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत तपासून घेऊन गाडीसोबत द्यायला हवं. कारण ही गाडी हौसेनं फिरणाऱ्यांइतकीच वनरक्षकांची, विजेच्या तारा जोडायला भर पावसात निघणाऱ्या लाइनमनची, दुर्गम पाड्यावर लस पोचवणाऱ्यांची आणि डोंगरात अडकलेल्यांना खाली आणणाऱ्या बचाव पथकांचीही असते.

जे लागणार ते आखतानाच द्यायचं, हे या गाड्यांचं मूळ पाहिलं तरी दिसतं. 1940च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्यानं एका हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीसाठी निविदा काढली. बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीनं 49 दिवसांत पहिला नमुना उभा केला. मग विलीज आणि फोर्ड यांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. विलीजच्या त्या जीपचं इंजिन अवघं 60 अश्वशक्तीचं होतं. मला तिच्यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक लहानशी गोष्ट. तिचे पुढचे दिवे बिजागरीवर बसवलेले होते. एक नट सैल केला, की बॉनेट उघडून दिवा मागे वळवता यायचा आणि उजेड थेट इंजिनावर पडायचा. रात्री, अनोळखी मुलखात, गाडी बंद पडली तर दुरुस्त करणाऱ्याला दिसणार कसं, हा प्रश्न ती गाडी आखणाऱ्यानं कागदावर असतानाच स्वतःला विचारला होता. दणकट गाडीचा खरा कस इथे लागतो. ती अडणार, रुतणार, बिघडणार, हे धरून चालायचं आणि त्यातून बाहेर पडायची सोय आधीच करून ठेवायची.

आपल्या महाराष्ट्राचं या गाडीशी नातं जुनं आहे. महिंद्र कंपनीनं 1947 साली विलीज जीप भारतात आणली आणि पुढे मुंबईत तिची जोडणी केली. आजची थार नाशिकला बनते. गुरखा बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचं मुख्यालय पुण्याजवळ आकुर्डीला आहे. म्हणून माझं हे मागणं दूर कुठे परदेशात पाठवायचं नाही, ते आपल्या दारातलंच आहे.

आता यादीकडे वळतो. पहिला मान डिफरन्शियल लॉकचा. तो का लागतो, ते थोडं सविस्तर सांगतो. खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, तेव्हा बाहेरच्या बैलाला आतल्यापेक्षा जास्त चालावं लागतं. गाडी वळतानाही बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर टायर घासतील आणि गाडी वळताना अडेल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतं, पण जोर मात्र दोघांनाही सारखाच देतं. डांबरी रस्त्यावर हा गुण आहे. चिखलात तोच गुण उलटतो. निसटत्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, त्यामुळे घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. एक चाक गरगर फिरत राहतं आणि दुसरं ढिम्म.

चारही चाकांना जोर देणारी गाडी घेतली म्हणजे हा प्रश्न सुटला, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. शेताचा बांध तिरका ओलांडताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी आलं, की बिनलॉकची फोर बाय फोर गाडीही तिथेच उभी राहते, कारण पुढचं आणि मागचं दोन्ही डिफरन्शियल एकाच वेळी हार मानतात. लॉक लावला, की त्या अ‍ॅक्सलवरची दोन्ही चाकं एकत्र फिरू लागतात आणि जमिनीवर टेकलेलं चाक गाडी पुढे नेतं. 1979 साली आलेल्या मर्सिडीजच्या जी-क्लास गाडीची ओळखच पुढे अशा लॉकांवर उभी राहिली. आपल्याकडे गुरखानं पुढचा आणि मागचा असे दोन्ही लॉक कारखान्यातून दिले, हे मी कौतुकानं सांगेन. निसटत्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक सोयही अनेक गाड्यांत येते. ती उपयोगी आहे. पण लांबलचक चिखलाच्या चढावर ब्रेक तापत जातात. निदान मागच्या अ‍ॅक्सलला तरी खरा लॉक, आणि तोही सगळ्यांत स्वस्त मॉडेललासुद्धा, मिळायलाच हवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर ओढे ओलांडणं हा पावसाळ्याचा नित्यक्रम. इंजिनानं हवेऐवजी पाणी ओढलं, की काम संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी, म्हणजे स्नॉर्केल, कारखान्यातून यावी. गुरखाला ती मिळते. पण स्नॉर्केल डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याची चर्चा होते. तितकीच महत्त्वाची, पण कोणी न विचारणारी गोष्ट म्हणजे ब्रीदर. प्रत्येक अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला हवा आत-बाहेर जायला एक बारीक तोंड ठेवलेलं असतं. चालून चालून तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडला, की आतली हवा आकसते आणि त्या तोंडातून पाणी आत खेचलं जातं. तेल दुधाळ होतं. गाडी त्या दिवशी घरी पोचते, काही महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागतं, आणि दोष कशाचा ते कोणाच्याच ध्यानात येत नाही. उपाय साधा आहे. त्या तोंडाला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर आणून सोडायची. खर्च अगदी किरकोळ. हे काम प्रत्येक गाडीत कारखान्यातच व्हावं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. थारसाठी 650 मिलिमीटर, गुरखासाठी 700 मिलिमीटर, असे पाण्याच्या खोलीचे आकडे कंपन्या देतात. ते वाहत्या पुराला लागू नाहीत. पाण्याला वेग असेल तर त्याहून बऱ्याच कमी खोलीत गाडी तरंगू लागते, चाकांची पकड सुटते आणि कितीही दणकट गाडी वाहून जाते. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबावं, दुसरा विचार करू नये.

तिसरी गोष्ट ओढून काढण्याची. रुतलेली गाडी टोचन करायची तर दोर बांधायचा कुठे? अनेक गाड्यांना बंपरमध्ये पेचानं बसणारी एकच कडी मिळते. ती सपाट रस्त्यावर बंद पडलेली गाडी हळू ओढण्यापुरती असते. गाळात फसलेल्या गाडीला वजनाइतकी, कधी त्याहूनही जास्त ओढ लागते. अशा वेळी कडी, किंवा ट्रेलरसाठी लावलेला लोखंडी गोळा, तुटून गोळीसारखा सुटतो आणि माणसाचा जीव जाऊ शकतो. माझं मागणं असं, की पुढे दोन आणि मागे दोन हुक थेट चासीला पक्के केलेले असावेत, लाल रंगवलेले असावेत आणि किती ताण सोसतील तो आकडा त्यांच्यावर ठोकलेला असावा. बंपरच्या आत, चासीवरच, दोर गुंडाळून गाडी ओढणारी विंच बसवायची प्रमाणित जागा असावी, म्हणजे कोणाला बाहेरून लोखंड जोडावं लागणार नाही. इंजिनाचं तेलपात्र, ट्रान्सफर केस आणि डिझेलची टाकी यांच्याखाली जाड पोलादी पत्रा असावा, कारण सह्याद्रीचा काळा पाषाण आणि कोकणातला जांभा दोघंही दयामाया करत नाहीत.

चौथी गोष्ट हवेची. वाळूत किंवा चिखलात टायरमधली हवा कमी केली, की टायर लांबट पसरतो, वजन विभागलं जातं आणि जी गाडी रुतत होती ती चालू लागते. इतका स्वस्त आणि इतका गुणी उपाय दुसरा नाही. अडचण येते ती परतताना. कमी हवेवर डांबरी रस्त्यानं पळालं तर टायर तापून फुटतो. म्हणून गाडीतच कायमचा बसवलेला कॉम्प्रेसर हवा. याहून मोठं स्वप्नही एकदा खरं झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं बनवलेल्या, पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या डक या ट्रकमध्ये चालकाला आपल्या जागेवर बसूनच टायरची हवा कमीजास्त करता यायची. समुद्रातून वाळूवर चढताना हवा कमी, पक्क्या रस्त्यावर आलं की जास्त. जे तेव्हा जमलं, ते आज महागड्या पडद्यांवर आणि छतावरच्या काचेवर खर्च करणाऱ्यांना न जमण्याचं कारण नाही.

पाचवी गोष्ट, इंजिनाच्या ताकदीचा दुसरा उपयोग. 1948 साली पहिली लँड रोव्हर आली, तिच्यात शेतीची यंत्रं फिरवायला इंजिनातून ताकद बाहेर घेण्याची सोय मिळत असे. युद्धानंतरच्या नागरी जीपलाही ती सोय घेता यायची. आज त्याच कल्पनेचं नवं रूप म्हणजे घरातल्यासारखा विजेचा पक्का पुरवठा. वादळात वाटेवर झाड पडलं तर कापायची करवत, गावात पाणी साचलं तर उपसायचा पंप, वीज गेलेल्या आरोग्य उपकेंद्रात लशीचा फ्रीज, हे सगळं गाडीवर चालू शकेल. विजेवरच्या गाड्यांमुळे हे फारच सोपं होत आहे. 2024 साली आलेल्या मर्सिडीजच्या विजेवरच्या जी-क्लास गाडीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आहे. तिथे डिफरन्शियलचा मघाचा प्रश्नच उरत नाही, आणि ती 850 मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. ती गाडी आपल्या आवाक्याबाहेरची आहे, पण तिच्यातलं तंत्र तसं राहायचं कारण नाही.

उरलेल्या गोष्टी भराभर सांगतो. पुऱ्या मापाची स्टेपनी. ठोकून सरळ करता येतील अशा पोलादी रिमा. मऊ जमिनीत न धसणारा, रुंद बुडाचा जॅक. पाणी मारून धुता येणारी आणि बूच काढलं की पाणी सोडणारी गाडीची जमीन, जी थारला मिळाली. पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेले फ्यूज. बॉनेटखाली एक दिवा. आणि मराठीत छापलेलं, चित्रांसहित, दुरुस्तीचं पुस्तक, जे गावातल्या मेकॅनिकला वाचता येईल.

एवढी समर्थ गाडी हाती आली, की तिच्या मालकावरही जबाबदारी येते. वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात. कासच्या पठारावरची फुलं बोटभर मातीवर उगवतात. तिथे गाडी घालणं हा पराक्रम नव्हे, ते नुकसान आहे. जिथे वाट आहे, पण बिकट आहे, तिथे ही गाडी चालवावी. जिथे वाटच नाही, तिथे पायी जावं.

शेवटी, घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं. शोरूममध्ये गेलात तर गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. खालून पाहा. हुक चासीला आहे का, ब्रीदरची नळी कुठवर येते, टाकीखाली पत्रा आहे का, मागचा लॉक कोणत्या मॉडेलपासून मिळतो, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. गिऱ्हाईक पडद्याचा आकार विचारतं, म्हणून कंपनी पडदा मोठा करते. आपण हुक आणि लॉक विचारायला लागलो, तर नाशिक-पुण्याचे इंजिनियर ते द्यायला समर्थ आहेत. त्यांच्या कामावर माझा पूर्ण विश्वास आहे.