वारीची पिशवी: हलकी, घडीची आणि दोन्ही खांद्यांची

ज्येष्ठ लागला की गटाच्या बैठकीत हिशेबाच्या वहीपेक्षा वारीचीच बोलणी जास्त होतात. कोण जाणार, कोणत्या दिंडीत जाणार, घरचं कोण बघणार. आज मी त्यातल्या एका साध्या गोष्टीवर बोलणार आहे. ती म्हणजे चालताना अंगावर घ्यायची पिशवी.

तुम्ही म्हणाल, पिशवीत काय एवढं बोलायचं? आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. पायाला फोड येतील म्हणून आपण तेल घेतो, मोजे घेतो. पण कितीतरी बायका पाय चांगले असताना निम्म्या वाटेवरून परत फिरतात, कारण मान आणि खांदा धरलेला असतो. आमच्या गटातल्या एक काकू पुण्याहून सासवडला पोचल्या आणि तिथून एस.टी.ने घरी आल्या. तो टप्पा सगळ्यांत लांबचा, त्यात दिवे घाट. काकूंच्या एका खांद्यावर कापडी पिशवी आणि हातात दुसरी. घरी आल्यावर ऐकायला काय मिळालं? "सांगितलं होतं, तुला जमायचं नाही." काकूंना चालणं जमत होतं. जमलं नाही ते ओझं.

आधी एक गोष्ट पक्की करा. आपल्याला पिशव्या दोन लागतात. मोठी पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये जाते. त्यात वळकटी, जास्तीच्या साड्या, ताट-वाटी, स्वेटर. ती संध्याकाळी मुक्कामावरच हाती येते, आणि रस्ता तुंबला तर रात्रीसुद्धा उशिरा येते. म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत जे लागेल, तेवढंच अंगावरच्या लहान पिशवीत हवं.

आता वजन मोजू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एक सुती साडी, परकर, झंपर मिळून साधारण एक किलो. पावसाचा कागद आणि पंचा अर्धा किलो. दशमी-चटणी, शेंगदाणे-गूळ अर्धा किलो. गोळ्या-औषधं, पॅड, साबण, मोबाईल, आधार कार्डाची झेरॉक्स, घरच्यांचे नंबर लिहिलेला कागद, हे सगळं मिळून अर्धा किलो. झाले साडेतीन किलो. शाळेच्या मुलांसाठी २०२० सालच्या दप्तर धोरणात नियम आहे, की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. तोच हिशेब आपणही धरू. पन्नास किलोच्या बाईला पाच किलो ही शेवटची हद्द झाली. रोज चालायचं आहे, म्हणून चारच्या आत राहा. पिशवी रिकामीच एक किलोची असेल, तर आपण तिथेच हद्दीला टेकतो. म्हणून पिशवी हलकी हवी.

मुलांच्या जुन्या दप्तराला जाड गादी, पुठ्ठा आणि खूप कप्पे असतात. ते रिकामंच जड लागतं. त्यापेक्षा पातळ पॅराशूट कापडाची, घडी करून स्वतःच्याच खिशात बसणारी सॅक मिळते, ती बघा. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली तर पाव किलोच्या आसपास भरते. मुक्कामावर ती रिकामी करून अंघोळीला नेता येते, कीर्तनाला नेता येते. परत येताना घडी घालून मोठ्या पिशवीत टाकली की हातात एकच सामान.

घेताना पाच गोष्टी हाताने तपासा.

पहिली, कापड. उजेडात धरून बघा. विणीत बारीक चौकटी दिसल्या तर चांगलं. बाभळीचा काटा लागून भोक पडलं तरी फाट त्या चौकटीपाशी थांबते.

दुसरी, पट्टे. दोन्ही खांद्यांवर येणारे आणि निदान तीन बोटं रुंद हवेत. दोरीसारखे पट्टे असलेली पिशवी स्वस्त असते, पण तासाभरात खांदा कापते.

तिसरी, शिलाई. पट्टा जिथे पिशवीला जोडलाय तिथे चौकट शिवून आत फुली मारलेली असावी. पिशवी फाटते ती तिथूनच.

चौथी, चेन. दुकानातच दहा वेळा उघडा, लावा. अडकत असेल तर ठेवून द्या.

पाचवी, लांबी. पाठीला लावल्यावर पिशवीचा तळ कमरेच्या खाली लोंबायला नको. लोंबली की मागे ओढते आणि आपण पुढे वाकून चालतो.

पावसाचं सांगते. "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असलं तरी सुईच्या भोकांतून पाणी जातंच. म्हणून आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून दुमडा. गोळ्या आणि मोबाईल वेगळ्या लहान पिशवीत ठेवा.

हलक्या पिशवीला एक उणेपण आहे. पाठीला गादी नसते, डबा टोचतो. त्याला उपाय सोपा. साडीची चौकोनी घडी पाठीच्या बाजूला ठेवा. जड वस्तू, म्हणजे पाण्याची बाटली, घडीला लागून मधोमध. हलकं सामान बाहेरच्या बाजूला. पट्टे आवळून पिशवी पाठीला चिकटवा.

आपल्या पोशाखाचंही बघायला हवं. पदर आधी पिनेने लावा, मग पट्टे चढवा. मंगळसूत्र पट्ट्याखाली अडकू देऊ नका. नऊवारी नेसणाऱ्यांना कमरेचा पट्टा ओच्यावर घासतो, तो नसलेलीच पिशवी घ्या. आणि ज्या डोक्यावर तुळस घेतात, त्यांनी एका खांद्याची पिशवी घेऊच नये. डोक्यावर भार असताना एकीकडे ओढ बसली की मान आखडते. तुळस आळीपाळीने घ्या, आणि ज्या बाईच्या डोक्यावर तुळस आहे तिची बाटली दुसरीने घ्यावी.

आपल्या गटात शिलाई मशीन असेल तर ही पिशवी घरी होते. उंची सोळा इंच, रुंदी अकरा, खोली पाच. एवढ्यात सुमारे चौदा लिटर सामान मावतं, आपल्या दिवसभराला पुरे. आधी वर्तमानपत्राच्या कागदाचा नमुना कापा. कडा दुहेरी शिवा. पहिली पिशवी विकायची नाही, गटातल्या एकीने चार किलो सामान भरून आठ दिवस शेतावर ये-जा करून बघायची. टिकली तर मग कापड, चेन, पट्टा, दोरा आणि मजुरी मांडून किंमत ठरवा. मजुरी लिहायला विसरू नका, तीच आपण नेहमी सोडून देतो.

आणि पिशवी घेतली किंवा शिवली, तरी ती पहिल्यांदा आळंदीत पाठीवर चढवू नका. प्रस्थानाच्या पंधरा दिवस आधीपासून रोज तासभर भरलेली पिशवी घेऊन चाला. जिथे घासेल तिथे पट्टा सैल-घट्ट करा. रोज संध्याकाळी पिशवीतून एक वस्तू काढून विचारा, आज ही लागली का? दोन-तीन दिवस लागली नाही, तर ती ट्रकमध्ये. गोळ्या, पावसाचा कागद आणि नंबरांचा कागद मात्र न लागताही जवळच.

वारीहून आल्यावर पिशवी गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हाने हे कापड कुजतं. नीट ठेवली तर पुढच्या वर्षी जाऊबाईला, सुनेला देता येईल. घरातली दुसरी बाई वारीला निघेल, तेव्हा पिशवीसाठी तिला कुणापुढे हात पसरायला नको.

चला मैत्रिणींनो, येत्या बैठकीला आपापली पिशवी भरून आणा, काट्यावर ठेवून बघू. राम कृष्ण हरी.