नळांचे जाळे आणि पाण्याची वाटणी

सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी चहूबाजूंनी खारा समुद्र असताना गोडे पाणी देतात. मालवण शहराच्या नळांना मात्र धामापूरच्या तलावाचा आधार आहे. १५३० साली बांधलेल्या या तलावास २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता मिळाली. पाणी साठविण्याची कला या भागास नवी नाही. अवघड आहे ती वाटणी.

किनाऱ्यालगतच्या वाडीत नळ धो धो वाहतो आणि चढणीवरच्या शेवटच्या घरी घागर भरत नाही. दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब कमी होतो. म्हणून जाळ्याचे विभाग पाडावे लागतात. ते कोठे पाडावेत, हे आलेख सिद्धांत सांगतो. १७३६ च्या सुमारास ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्जबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडविले, तेथून या शास्त्राचा आरंभ झाला. येथे नळांचा प्रत्येक सांधा हा बिंदू आणि प्रत्येक नळ ही रेषा.

विखुरलेल्या वाड्यांचे जाळे बहुधा झाडासारखे असते. त्यातील कोणतीही एक फांदी बंद केली की पुढचा भाग आपोआप वेगळा होतो. वाडीच्या तोंडाशी एक झडप व एक मीटर पुरेसा. बाजारपेठेत तसे नसते. समजा, तेथे १२ सांधे आणि १५ नळ आहेत. १५ उणे १२ अधिक १, म्हणजे चार वेढे झाले. पाणी अनेक वाटांनी फिरते. अशा ठिकाणी सीमा अशी आखावी की कमीत कमी आणि शक्यतो बारीक नळ तोडावे लागतील. अती तोडल्यास टोकाशी पाणी साचून शिळे होते, हा धोका गणितापेक्षा कर्मचाऱ्यांस अधिक ठाऊक असतो.

विभागास एकच तोंड असले की गळती उघडी पडते. चोवीस तास पुरवठा असेल तेथे पहाटे दोन ते चार या वेळात, गाव झोपलेले असताना, मीटर जेवढा फिरतो त्यातील बहुतेक पाणी जमिनीत मुरत असते. ठराविक वेळी पाणी सोडणाऱ्या गावात रात्री सर्व तोट्या बंद ठेवून अशी चाचणी घेता येते.

या सर्वांस प्रथम नकाशा हवा. अनेक गावांत तो पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या डोक्यातच असतो. तो निवृत्त होण्यापूर्वी त्यास बरोबर घेऊन, झडपा मोजीत, एका कागदावर उतरवून घ्यावा.