डोंगरवाटेवरचा गृहस्थ
(इंदूर येथील मठाच्या वर्धापनोत्सवात केलेले भाषण)



उत्सवसमितीने मला सेवाभावी गृहस्थाविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा एखाद्या सत्पुरुषाचे चरित्र मी सांगेन अशी अपेक्षा असावी. परंतु माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती पाठीवर पडशी टाकून डोंगर चढणारी एक दाढीधारी मूर्ती. ती होती गोपाळ नीलकंठ दांडेकर यांची. मराठी वाचक त्यांना गोनीदा म्हणतात आणि निकटचे लोक अप्पा म्हणत.

त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे झाला. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी, मराठी सातवीत असताना, स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेण्यासाठी हा मुलगा घरातून निघून गेला. आज आपण हे वाक्य कौतुकाने उच्चारतो. पण त्या घरी त्या रात्री कोणी जेवले असेल काय, याचा विचार आपण करीत नाही. घर सोडणाऱ्याच्या तेजाची कथा होते, घरी राहिलेल्यांच्या डोळ्यांतील पाण्याची होत नाही. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पुढे त्यांना गाडगे महाराजांचा सहवास लाभला. महाराजही अमरावती जिल्ह्याचेच, शेंडगावचे. दिवसा खराट्याने गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावीत, हा महाराजांचा क्रम सर्वश्रुत आहे. त्यांचा संदेश गावोगावी पोहोचविण्याचे काम गोनीदांनी केले. मानधन नाही, पद नाही. हाती आले ते काम करावे आणि पुढच्या गावाची वाट धरावी. आपल्या मठात उत्सवाच्या पहाटे अंगण झाडणारे आणि पंगतीनंतर पत्रावळी उचलणारे जे सेवेकरी आहेत, त्यांना या शाळेची ओळख वेगळी करून देण्याचे कारण नाही. पुढे गोनीदांनी महाराजांचे चरित्रही लिहिले.

त्यानंतर वेदान्ताचे अध्ययन झाले, भारतभ्रमण झाले, नर्मदेची परिक्रमा झाली. इंदूरच्या श्रोत्यांना नर्मदामाईचे माहात्म्य मी काय सांगावे? ओंकारेश्वर येथून अवघे ८० किलोमीटरांच्या आसपास. मैया नित्य उजव्या हाताला ठेवावयाची, पात्र ओलांडावयाचे नाही, चातुर्मासात एके ठिकाणी राहावयाचे आणि मिळेल त्या भिक्षेवर निर्वाह करावयाचा. ही व्रतस्थ वाट तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची मानली जाते. वाटेत शूलपाणीची झाडी. तेथे परिक्रमावासीयाच्या अंगावरचे वस्त्रही लुटले जाई. त्या झाडीचा मोठा भाग आणि शूलपाणेश्वराचे जुने मंदिर आता सरदार सरोवराच्या जलाशयाखाली गेले आहे. गोनीदांनी पाहिलेली ती वाट आज पायांनी तुडविता येणार नाही. ती ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या त्यांच्या पुस्तकात उरली आहे.

आता माझ्या मनातील गाठ सांगतो. तरुणपणी मला गोनीदांचा थोडा रागच येई. वेदान्त शिकला, परिक्रमा केली, वैराग्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोहोचला, मग हा मनुष्य मागे का फिरला? लग्न केले, तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड मांडले, आणि १९४७ पासून केवळ लेखणीवर पोट भरावयाचे ठरविले! मला ती घसरण वाटे. आमच्या येथील एका वृद्ध सेवेकऱ्यांपाशी मी हे बोललो, तेव्हा ते हातातील समई पुसत एवढेच म्हणाले, “बाळा, लेखणीवर घर चालवून पाहा, मग वैराग्याचे बोल.” मी गप्प झालो. नोकरीचा आधार नसलेल्या घराची महिनाअखेर कशी असते, हे मला पुढे स्वतःच्या संसारात कळले.

गोनीदांनी संसार केला, पण डोंगर सोडले नाहीत. तळेगावाहून लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना ही मंडळी जवळचीच. राजगडावर तर त्यांचा जीव जडलेला. हाती छायाचित्रक असे, आणि वाटेत भेटणाऱ्या धनगर-ठाकरांशी त्यांच्याच बोलीत गप्पा चालत. ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंगाच्या छायेत घडते, ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर. मुंबईची गिरणी सोडून परतलेला तो म्हातारा मी वाचला आणि लोणावळ्याहून राजमाचीपर्यंत चालत गेलो. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले समोर आले तेव्हा पायांत गोळे आले होते. पण मुंबईकडे पाठ फिरवून बुधा येथेच का आला, हे त्या वाऱ्यात उभे राहिल्यावर विचारावेसे वाटेना.

आणि ज्या गोष्टीने माझा राग पुरता मावळला ती ही की, या भटक्याने घरच्यांना मागे ठेवले नाही. कन्या वीणाताई देव मराठीच्या प्राध्यापिका झाल्या, जावई विजय देव गडकोटांचे अभ्यासक. कन्या, जावई आणि पुढे नात मृणाल असे सारे घर त्यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन गावोगावी करीत असे. लहानपणी घर सोडून गेलेल्या मुलाचे सारे घर त्याच्या शब्दांमागून गावोगाव हिंडले! आरंभी ज्या घराची गोष्ट मी काढली, त्याचे ऋण असे फिटते की नाही, ते मी ठरविणारा कोण?

सन्मान पुष्कळ झाले. ‘स्मरणगाथे’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले. १ जून १९९८ रोजी ते गेले. वीणाताईही २०२४ साली गेल्या. २०२५ च्या जुलैत राजगड, लोहगड यांसह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. ही बातमी वाचताना मला अप्पांची ती पडशी आठवली.

माझा वेळ संपत आला आहे. आज सायंआरतीनंतर सभामंडपात ‘भ्रमणगाथे’तील काही पानांचे वाचन आपली मुले करणार आहेत. ज्यांना खाली बसणे कठीण जाते त्यांच्यासाठी उत्तरेच्या भिंतीलगत बाके मांडली आहेत. मुलांनी महिनाभर तयारी केली आहे, तेव्हा प्रसाद घेऊन लगेच घरी जाऊ नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.