तिरंग्याचं कापड कुठून येतं?

(आमच्या गल्लीतल्या युवक मंडळात २६ जानेवारीला केलेलं भाषण)

राज्यशास्त्र शिकतो म्हणून मंडळाने मला उभं केलंय, पण मी आज बोलतोय ते एका प्रश्नामुळे.

गेल्या १५ ऑगस्टला कॉलेजात झेंडावंदन झालं. लाडू खात उभे होतो. वर्गातला एकजण हसत म्हणाला, "तुम्ही लोक १ नोव्हेंबरला काळी फीत बांधता, मग आज तिरंग्याला सलाम कशाला?" मी गप्प. राग आला, पण उत्तर सुचेना. घरी आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "उत्तर द्यायला आधी झेंडा माहीत पाहिजे की रे!" तेव्हापासून वाचायला लागलो.

झेंड्याबद्दल शाळेत आपल्याला काय शिकवलं? केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी, चक्राला २४ आरे. पाच मार्क. पण हा झेंडा ठरला कसा, हे कोणी सांगितलं नाही. १९४७ च्या जूनमध्ये राजेंद्र प्रसादांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्यात डॉ. आंबेडकरही होते. २२ जुलैला नेहरूंनी संविधान सभेत ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. काँग्रेसच्या आधीच्या झेंड्यावर चरखा होता, त्याच्या जागी अशोकचक्र आलं. एक कारण अगदी साधं होतं: चरखा मागच्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखंच.

आणि गांधीजींना हे आवडलं नाही! चरखा नसलेल्या झेंड्याला मी वंदन करणार नाही, असं त्यांनी त्याच काळात लिहिलं. विचार करा, ज्यांना आपण राष्ट्रपिता म्हणतो त्यांचंच राष्ट्रध्वजाशी भांडण होतं. आज कोणी तसं लिहिलं तर फोनवर काय काय येईल ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट केरळमधली. तिथल्या एका शाळेतली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेतून काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. आदर म्हणजे सगळ्यांनी एकाच तऱ्हेने वागणं नव्हे, असं मी त्यातून समजलो.

मग काळ्या फितीचं काय? ती फीत १९५६ साली राज्यांची जी रचना झाली, तिच्याबद्दल आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला संविधानाच्या कलम ३ नेच दिलाय. म्हणजे आपली मागणी संविधानाच्या आतली आहे, आणि दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तिरंगा देशाचा, वाद राज्याच्या रेषेचा. एवढं त्या दिवशी मला बोलता आलं असतं तर!

आता कापडाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच भिडलं. खादीचा प्रमाणित राष्ट्रध्वज हुबळीच्या बेंगेरीत शिवला जातो, इथून दीड-दोन तासांवर. तिथे बहुतेक बायकाच काम करतात. धारवाडजवळच्या गरगमध्येही झेंड्याचं कापड विणलं जातं. सूत, वीण, रंग, शिलाई, सगळ्याला माप. चक्र दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळलं पाहिजे. आणि झेंड्याच्या खादीचं दुसरं नाव घेतलं जातं ते आपल्या नांदेडचं. एक कर्नाटकात, एक महाराष्ट्रात. फडकताना सांगा बघू कुठला कुठला ते!

२०२१ च्या डिसेंबरात नियम बदलून यंत्रावरचं पॉलिस्टरही चालू केलं. झेंडा स्वस्त झाला, घरोघरी गेला, चांगलंच आहे. पण हुबळीच्या खादी संघाने विरोध केला होता, आणि मला त्यांचं पटतं. त्या बाया कन्नड बोलतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न माझा नाही, असं मला म्हणवत नाही.

शेवटी जरा आपल्याच घरातलं, कोणी रागवू नका. आज सकाळी चौकात आपण तिरंगा आणि भगवा एकाच काठीला बांधलेत. भावना चांगली, पण ध्वजसंहितेत ते चालत नाही. तिरंग्याच्या काठीवर दुसरा कुठलाच झेंडा नको, आणि तिरंग्यापेक्षा उंचही नको. आपणच चूक केली तर कॉलेजातल्या त्या मुलाला काय तोंड दाखवू?

काका, देवळामागे एक बांबू पडलाय. भाषण संपलं की दोघं-तिघं चला माझ्याबरोबर. सूर्यास्ताला तिरंगा उतरवायचाय, त्याआधी भगवा तिकडे लावून घेऊ. येताना एक पिशवीही घ्या, रस्त्यावर कागदी झेंडे पडलेत.