आवाज घडविणारे हात



सिनेमातला घोडा धावतो, पण टापा पुष्कळदा नारळाच्या करवंट्यांच्या असतात! चित्रण चालू असता मुख्यतः संवाद टिपतात. पावले, बांगड्या, पदराची सळसळ हे मागाहून पडद्याकडे पाहत हातांनी वाजवून भरतात. अमेरिकेतील जॅक फोली (१८९१–१९६७) यांच्या नावाने ही कला ओळखली जाते. मुंबईतही तिचे कारागीर आहेत.

तिची पहिली पायरी म्हणजे कान. सासूबाईंचे पाऊल कोणते, लेकीचे कोणते, हे आपण न पाहता ओळखतो. अर्धी विद्या इथेच झाली! उरली अर्धी सरावाची : नेमक्या क्षणी नेमका आवाज. धावड्याच्या मुलींनाही ती साधेल. मंडळाच्या पुढील नाटकात पडद्यामागे त्यांनाच बसवू या.