गिधाडे कुठे गेली?



आज आपण गिधाडाविषयी बोलू. नाव काढताच कोणी नाक मुरडील. मेलेली ढोरे खाणारा पक्षी, त्याचे काय ऐकायचे! पण आमचे ऐकून तर घ्या.

पूर्वी बैल मेला की त्याला गावाबाहेर नेऊन टाकीत. थोड्याच वेळात आभाळात गिधाडे घिरट्या घालू लागत. थवाच्या थवा खाली उतरे. बघता बघता नुसती हाडे उरत. म्हाताऱ्या माणसांना हे आठवत असेल. आता असा थवा कितीजणांनी पाहिला आहे?

गवत उन्हावर आणि पाण्यावर वाढते. गवत बैल खातो. बैल मेला की त्याला गिधाड खाते. उरलेले किडे आणि बारीक जंतू कुजवून मातीत मिळवतात. त्या मातीत पुन्हा गवत उगवते. ही जिवांची साखळी आहे. एक कडी तुटली की सगळ्यांना हिसका बसतो.

गिधाड, घार आणि गरुड एकाच कुळातले. तिघांचीही चोच आकड्यासारखी असते. गिधाडांतही जाती आहेत. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडावर घरटे करते. लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या कड्यावर राहते.

१९९० नंतर या दोन्ही जाती भराभर मरू लागल्या. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ साली जिथे हजार होती, तिथे २००७ साली जेमतेम एक उरले. मेलेली ढोरे कुजत पडू लागली. त्यांवर मोकाट कुत्री पोसली. आणि पिसाळलेले कुत्रे चावले, तर माणसाच्या जिवावर बेतते.

गिधाडे मेली कशाने? कोणी म्हणे, रोग आला. कोणी म्हणे, पिकावरच्या विषाने मेली. पण नुसते म्हणून काय होते? पारखून पाहायला हवे.

पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी मेलेली गिधाडे तपासली. पुष्कळांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आतड्या-काळजावर खडूसारखा पांढरा थर होता. त्यांनी रोगाचे जंतू शोधले, विष शोधले. कारण सापडेना. मग त्यांनी विचार केला, गिधाडे गुरे खातात, तर गुरांना कोणते औषध देतात? दुखणे आणि सूज उतरवणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचे नाव पुढे आले. थर असलेली २५ गिधाडे तपासली. पंचवीसही गिधाडांत ते औषध निघाले. थर नसलेली १३ तपासली, एकातही नाही. तरी ते थांबले नाहीत. औषध दिलेल्या जनावराचे मांस काही गिधाडांना खाऊ घातले. त्यांतलीही तशीच मेली. मग कुठे २००४ साली त्यांनी ही गोष्ट छापून जगापुढे ठेवली.

शास्त्राची रीत ती हीच. नीट पाहावे. अंदाज बांधावा. तो पारखावा. चुकला तर खुशाल सोडून द्यावा. ही रीत शेतातही चालते. वांगी वाळली तर नजर लागली म्हणून बसू नका. दोन वाफे सारखे ठेवा. पाणी तेवढे एकाला कमी, एकाला जास्त द्या, आणि काय होते ते पाहा.

२००६ साली सरकारने हे औषध गुरांसाठी बनवायला बंदी केली. तरी माणसांसाठीची सुई कोणी चोरून जनावराला टोचतो. तसे करू नका. गुरांच्या डॉक्टरला विचारा. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध दुखण्यावर चालते, आणि गिधाडाला त्याचा अपाय होत नाही.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. म्हणून मोडलेला संसार लवकर उभा राहत नाही. आपल्या गोठ्यातली एक सुई तो मोडू शकते, आणि आपल्या गोठ्यातली समज तो सावरू शकते. आज घरी गेल्यावर गोठ्यातल्या औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचा. आता तुम्हाला वाचता येते ना?