गाडीची बाहेरची बाजू



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सारे काही बोलून झाले आहे. खाद्यपदार्थांच्या गाडीची बाहेरची बाजू कशी धुवावी, हा विषय मात्र येथे पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ते येऊ द्यावे. पण व्याख्यान संपल्यावर यांतलीच बरीच मंडळी घरी जाता जाता आलूबोंड्याच्या नाही तर भज्यांच्या गाडीशी थांबतील. आणि कोणत्या गाडीशी थांबायचे हे ठरवताना ती कढईत डोकावणार नाहीत, गाडीचा पत्रा पाहतील. त्या एका नजरेवर गाडीमागच्या कुटुंबाची संध्याकाळची मिळकत ठरते. म्हणून पत्र्याचा विचार आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

गाडी म्हणताना आम्ही साधा लाकडी ठेलाही धरतो आणि अलीकडे मोटारीमागे जोडून आणतात ते चाकांवरचे पोलादी दुकानही धरतो. आकार निराळा, मळ एकच.

हा मळ म्हणजे काय, ते आधी पाहू. उकळत्या कढईतून जी वाफ वर जाते तिच्यात तेलाचे बारीक कण असतात. ते थंड पत्र्यावर जाऊन बसतात. आपल्या जिल्ह्यात कापूसही पिकतो आणि सोयाबीनही. सरकीचे आणि सोयाबीनचे तेल ही दोन्ही अर्धवट सुकणाऱ्या जातीची तेले आहेत. जवसाचे तेल पुरते सुकते, म्हणून तर चित्रकार आणि रंगारी ते शतकानुशतके रंगात वापरत आले. असे तेल हवेतला प्राणवायू घेते, त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि चिवट पापुद्रा धरतो. म्हणजे भजेवाला रोज नकळत आपल्या गाडीला तेलरंगाचा एक हात देत असतो! रस्त्याची धूळ त्यात मिसळली की त्याला छटा येते. यवतमाळच्या दत्त चौकात ती मातकट असेल. वणीकडे, कोळशाच्या गाड्यांची वर्दळ असते तेथे, ती काळी होते.

मळ हा रंग आहे हे एकदा पटले, की पुढचे बरेच आपोआप सुचते. ओला रंग फडक्याने निघतो, वाळलेला खरवडावा लागतो. त्याच रात्री कोमट पाणी आणि थोडा साबण घेऊन पुसलेला पत्रा पाच मिनिटांत स्वच्छ होतो. महिनाभर राहू दिला तर अर्धा दिवस जातो. आणि मग माणूस चिडून हाताला लागेल ते जालीम औषध वापरतो. गाडीचा खरा नाश येथून सुरू होतो. आमचे तर मत असे आहे, की न धुतल्याने जितक्या गाड्या खराब होतात, तितक्याच चुकीचे धुतल्यानेही होतात.

स्टेनलेस स्टीलचेच घ्या. त्याला गंज लागत नाही अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते, आणि त्या क्रोमियमची हवेशी गाठ पडून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे एक कवच तयार होते. ते शाबूत आहे तोवर स्टील शाबूत. ब्लीचिंग पावडर, सांडलेले मीठ, चाट मसाला यांतले क्षार या कवचाला टोचून भोके पाडतात. लोखंडी तारेची घासणी आणखी वाईट. तिचे कण स्टीलमध्ये रुततात, ते गंजतात आणि दोष मात्र स्टीलला लागतो. म्हणून मऊ फडके, साधा साबण, आणि पत्र्यावर ज्या दिशेने बारीक रेघा दिसतात त्याच दिशेने घासणे, एवढे पुरे. गाडी विकत घेताना पुष्कळ लोक लोहचुंबक लावून पाहतात. चुंबक चिकटला नाही की माल चांगला, असे समजून पैसे मोजतात. पण ३०४ क्रमांकाच्या चांगल्या स्टीलला तो चिकटत नाही आणि २०२ क्रमांकाच्या हलक्या, लवकर डागाळणाऱ्या स्टीललाही चिकटत नाही. तेव्हा क्रमांक बिलावर लिहूनच घ्यावा.

ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा त्याच्या वाऱ्यालाही नको. तो काळा पडतो आणि खाल्ला जातो. राखेचेही तेच. राखेत क्षार असतो म्हणून ती तेल कापते, आपल्या आज्यांनी तिने भांडी लखलखीत ठेवली हे खरे. पण पितळेचा न्याय ॲल्युमिनियमला लागू नाही. राहिला साधा लोखंडी पत्रा. त्याला रंगाचेच संरक्षण, आणि रंगाबाबत आपली एक खोड आहे. पोळ्याला शेतकरी आधी बैल धुतो, मग शिंगे रंगवतो. गाडीवाला मात्र सणाच्या तोंडावर तेलाच्या थरावरच नवा रंग चढवतो, आणि तो रंग थोड्याच दिवसांत पोपडे धरतो. थर काढून, गंज पॉलिश कागदाने घासून, रेड ऑक्साइडचा एक हात देऊन मगच रंग द्यावा.

आता पाणी. यवतमाळकरांना पाण्याविषयी उपदेश करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा आपण काय सोसले ते प्रत्येकाला आठवते. नळाची रबरी नळी लावून गाडी धुतली तर दहा मिनिटांत सहज शंभर लिटर पाणी जाते. दोन बादल्यांत तीच गाडी निघते: एक साबणाची, एक स्वच्छ पाण्याची. मात्र पहिल्याने जुन्या वर्तमानपत्राने तेल कोरडेच टिपून घ्यावे. त्याने साबण वाचतो, पाणी वाचते आणि गटारात तेलाचा गोळा जात नाही. साबण खालून वर लावावा, नाही तर वरून घाणेरडे ओघळ येऊन डाग पडतात; पाणी मात्र वरून खाली घ्यावे. भर उन्हात हे काम करू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडे जातो, तापल्या पत्र्यावर साबण जागच्या जागी वाळतो. विहिरीचे जड पाणी असेल तर शेवटी कोरड्या फडक्याने पुसलेच पाहिजे, नाही तर पांढरे डाग राहतात. ते पडलेच तर पातळ केलेल्या व्हिनेगरने जातात. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र हल्ली मिळते. ते चाकांच्या बेअरिंगवर आणि विजेच्या बटणांवर मारू नये. धुण्यापूर्वी वीज आणि गॅस बंद असावा, हे सांगायला नको. नारिंगी गॅसनळी मात्र पुसता पुसता रोज पाहावी. तडा असेल तर लगेच, आणि नसला तरी पाच वर्षांनी ती बदलावी.

पण ही दोन बादल्या पाणी गाडीवाल्याने आणायचे कोठून? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने आपली जागा आणि आसपासचा भाग स्वच्छ ठेवण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकले आहे. अन्नसुरक्षेचे नियमही सांगतात, की अन्नाशी आणि भांड्यांशी संबंध येणारा गाडीचा भाग न गंजणारा असावा. दोन्ही योग्यच. पण त्याच कायद्यात नगर विक्री समितीही आहे, आणि तिच्यात चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांचे असतात. त्यांनी तेथे पहिली मागणी कसली करावी, असे आम्हांला विचाराल तर विक्रीच्या जागी एक नळ आणि सांडपाण्याला तेल अडवणारा एक खड्डा. ज्या नगरपालिकेने हे दिले नाही, तिचा माणूस मळकट पत्रा पाहून दंडाची पावती फाडू लागला तर आमची सहानुभूती पत्र्याच्या बाजूला राहील. आणि आपण गिऱ्हाइके तरी काय करतो? तर्रीचे बोट गाडीच्या पडद्याला पुसतो, आणि चाकाशी पिचकारी टाकतो.

शेवटी पावसाळ्याची गोष्ट. लोखंडाला वाहत्या पाण्याची तितकी भीती नाही, साचलेल्या पाण्याची आहे. आपली काळी माती एकदा तळाशी आणि चाकांच्या सांध्यात बसली की आठवडाभर ओल धरते, आणि गाडी खालून, न दिसता, कुजते. जूनच्या आधी गाडी एका बाजूने टेकू देऊन उचलावी आणि तळ पाहावा. जोडाच्या ठिकाणी बोट फिरवावे. लालसर भुकटी लागली तर तेथे लगेच रंगाचा हात द्यावा. रात्री गाडीवर प्लॅस्टिक टाकून ते चहूबाजूंनी आवळून बांधण्याची पद्धत आहे. तसे करू नये. आतली ओल आतच राहते. पत्रा आधी कोरडा करावा, आणि कापड खालून वीतभर मोकळे सोडावे.